एकतीस नंबरचं वासरू

कानातला पिवळा बिल्ला, नंबर एकतीस.

चुन्याचं पोतं, अर्धं संपलेलं.

दावं. दाव्याला कोणी नाही.

प्रयोगशाळेचा कागद. रक्तातली रोगाशी लढायची ताकद. आई : भरपूर. वासरू : शून्य.

पिशोर गावातलं हे तिसरं वासरू. अंगभर गाठी उठल्या आणि तेराव्या दिवशी संपलं. भर दुपारी मंजुषा भागूबाईच्या गोठ्यात उकिडवी बसली होती. गुरांच्या लंपी रोगाच्या विषाणूवर संशोधन करण्यात तिची चार वर्षं गेली होती. तिचं म्हणणं साधं होतं. गाभण गाईला लस द्या, आईची ताकद चिकातून, व्यायल्यावरच्या पहिल्या दुधातून, वासरात उतरते. गाई ठणठणीत होत्या. वासरांत काहीच उतरलं नव्हतं. आता लस फसली असं तिनं लिहून दिलं, तर उद्यापासून लसीकरण बंद होणार होतं. गावात अजून चाळीस गाई व्यायच्या होत्या.

"मावशी, वासराला चीक पाजला होता ना?"

"पाजला की. दुसऱ्या दिसापासून पोटभर."

"आणि पहिल्या दिवशी?"

भागूबाई हसली. "आता गं बया! डबा चाटून पुसून मलाच इचारता व्हय, म्याडम? पहिल्या धारंचा समदा तुमच्या खरवसाला धाडला. आप्पासायबांनी धाडला, जोहराबीनं धाडला. म्या काय मागं ऱ्हाऊ?"

मंजुषानं प्रयोगशाळेचा कागद पुन्हा पाहिला. आईची ताकद उतरते ती पहिल्या काही तासांतच. मग उशीर झालेला असतो. वासरं गेली त्या तिन्ही गोठ्यांतून एकेक डबा तिच्या घरी आला होता. वासराचं पोट भरून उरलेला चीक असेल, असंच ती धरून चालली होती.

"पण मी सांगितलं होतं, चीक म्हणजे औषध…"

"व्हय, थेंब वाया घालू नका म्हनला व्हता. न्हाई घातला." भागूबाईनं पदर सावरला. "एवढं मोलाचं, ते जनावराला कसं पाजावं? तुमी आमच्यापायी उन्हातान्हात हिंडता. तुमच्याच पोटात गेलं पायजे ते."

मंजुषा ताडकन उठली. लस फसली नव्हती. चाळीस वासरं वाचणार होती.

"मावशी, चला. आत्ताच्या आत्ता घरोघर सांगू. पहिली धार वासरालाच."

वेशीजवळच्या कडूबाची गाय त्या पहाटे चारला व्यायली होती, आणि सहाच्या बसमध्ये मांडीवर पहिल्या धारेचा कोमट डबा घेऊन तो शहरातल्या मुकुंदवाडीला, मंजुषाच्या घरी निघाला होता.