दहा फुटांवरून पडला तरी

एडिनबराच्या हिवाळ्यात चारलाच अंधारून येतं आणि त्यात बिल्डिंगच्या जिन्यातला दिवा गेलेला. म्हणून भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईकरता अनुपने आठवडाभर रिव्ह्यू वाचून टॉर्च निवडला. लख्ख उजेडाचा, दहा फुटांवरून पडला तरी न फुटणारा.

पंधरा दिवसांत आईच त्या जिन्यात पाचव्या पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमध्ये तिचा हात धरून अनुप रडवेला झाला. "अगं आई, टॉर्च कुठे होता?"

आईने कण्हत त्याच्या हातावर थोपटलं.



"त्याची नको काळजी करूस. बॅगेत साडीत गुंडाळून ठेवलाय. एवढी चांगली वस्तू कुणी रोज वापरतं का, बाळा?"