बायकांच्या वॉर्डातला प्रश्न

“शेवटच्या बाकावर कोण बोलतंय? उभी राहा!” बाई ओरडल्या, आणि समोरच्या खाटेवरची पित्ताशयाची पेशंट खरंच उठून बसली.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. रविवारी संध्याकाळी घरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं, सोमवारी ऑपरेशन झालं आणि ते उत्तम झालं. मंगळवारी दिवसभर त्या नर्सच्या शिस्तीवर शेरे मारत होत्या. बुधवारी सकाळी त्यांचे हात थरथरायला लागले. दरदरून घाम फुटला, नाडी पळत सुटली. आता त्या चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकत होत्या. नवे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, ऑपरेशननंतर होतं असं. सगळ्या तपासण्या केल्या. त्यांत काहीच सापडलं नाही.

मोठ्या सिस्टरना मात्र चैन पडेना. त्या वीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात काढून इकडे आल्या होत्या आणि हे थरथरणं त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. रोजची दारू एकदम तुटली की तिसऱ्या दिवशी माणूस असाच करतो. वेळेवर औषध मिळालं तर शांत झोपतो. नाही मिळालं तर झटके येतात, आणि मग कधीकधी सगळं हाताबाहेर जातं. त्यांनी भरतीचा कागद काढला. ‘दारू’पुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी विचारलंच नव्हतं. बायकांच्या वॉर्डात हा प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती. सिस्टर स्वतःवर भयंकर चिडल्या आणि तशाच तरातरा खाटेपाशी गेल्या.

खाटेच्या एका बाजूला बाईंचा वकील मुलगा उभा होता. दुसऱ्या बाजूला सून ओल्या रुमालानं सासूचं कपाळ पुसत होती.

“बाई दारू घेतात का?” सिस्टरनी विचारलं.

“तोंड सांभाळून बोला!” मुलगा उसळला. “माझ्या आईनं पिढ्या घडवल्यात.”

“घडवल्या असतील. मी संध्याकाळचं विचारतेय.”

“मी तुमची तक्रार करीन.”

“जरूर करा. कागद मी आणून देते. आधी उत्तर द्या.”

सिस्टरनी एक गोष्ट हेरली होती. ज्याला खरंच माहीत नसतं तो आधी गोंधळतो, मग चिडतो. हा बाबा थेट चिडला होता.

खाटेच्या पायथ्याशी उभे असलेले नवे डॉक्टर कानकोंडे झाले. “सिस्टर, जाऊ द्या ना.”

“जाऊ दिलं तर बाई जातील, डॉक्टर.”

“साडेसात झाले का?” बाईंनी एकदम विचारलं. त्यांची नजर छतावर काहीतरी शोधत होती. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजले होते.

सुनेचा रुमाल जागीच थांबला.

“अर्धी बाटली,” ती म्हणाली. “रोज, साडेसातला. हे कामावरून यायच्या आधी. दहा-बारा वर्षं झाली. शेवटची रविवारी, पडल्या त्याच संध्याकाळी.”

समोरच्या पित्ताशयाच्या पेशंटनं कण्हणं थांबवलं.

“हिचं काय ऐकता?” मुलगा डॉक्टरांकडे वळला. “पंधरा वर्षं या दोघींचं पटलेलं नाही. कुठल्याही नातेवाइकाला विचारा. सासू अंथरुणाला खिळली, आता ही उट्टं काढतेय.”

हे मात्र खोटं नव्हतं. नातेवाइकांना तसंच माहीत होतं. चारचौघांत दोघी एकमेकींशी बोलत नसत. काही सांगायचंच झालं तर या वकिलाच्या मार्फत सांगत, आणि त्यालाही आपण नसलो तर घर मोडेल असं वाटायचं. डॉक्टर पेचात पडले.

“दारू तुटल्यावर देतात ते औषध गुंगीचं असतं,” ते सुनेला म्हणाले. “त्रास दारूचा नसेल तर या वयात श्वास मंदावू शकतो, भ्रम वाढू शकतो. दारूचा असेल तर आत्ताच द्यायला हवं. ऐकीव गोष्टीवर मी ते देऊ शकत नाही. तुम्ही स्वतः पाहिलंय का?”

बाईंचा जबडा आवळत चालला होता. सिस्टरनी इंजेक्शन भरून हातात तयार ठेवलं होतं.

“आणखी एक शब्द बोललीस,” मुलगा दातओठ खात बायकोला म्हणाला, “तर त्या घरात पाऊल ठेवायचं नाही.”

सुनेनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं सासूचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मग मान ताठ केली आणि वॉर्डाच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“रोज समोर बसून पाहिलंय, डॉक्टर. रविवारी त्या बर्फ आणायला उठल्या, तो माझ्या ग्लासासाठी. त्यांना बर्फ लागत नाही.”