पिस्तुलाचा पडलेला भाव

पिस्तुलाची नळी कोरी होती; मूठ तेवढी अंगठ्याखाली झिजून गुळगुळीत झाली होती. बायको वारल्यापासून हार्लन दर महिन्याला ते लॉइडच्या बंदुकांच्या दुकानात विकायला आणी, आणि लॉइड दोस्तीखातर त्याला परत पाठवी.

“आजही तीनशे डॉलरच, म्हाताऱ्या. बाजार पडलाय. निवडणूक जवळ आली की बंदुकांवर बंदी येईल म्हणून लोक घाबरून खरेदी करतात, मग सहाशेला जाईल. तोवर पडू दे घरात, खायला थोडंच मागतंय?”

लॉइडने पिस्तूल काचेवरून पुढे सरकवलं. हार्लनने हात खिशातच ठेवले.

 

“फुकट ठेवून घे, लॉइड. हे आज घरी नेलं, तर पुढच्या महिन्यात भाव विचारायला मी नसेन.”