भिंतीतलं दार

ताश्कंदच्या जुन्या मोहल्ल्यात लागोपाठ घरफोड्या झाल्या, तशी मुअत्तरनं अंगणाची भिंत पुरुषभर वाढवून घेतली. शेजारच्या सनोबरआपांच्या अंगणात उघडणारं, ज्यातून पुलावाच्या थाळ्यांची ये-जा व्हायची ते छोटं दारही तिनं विटांनी बुजवलं.

"चोर काय माझ्या चुलीतून येणार आहेत गं?" आपा फणकारल्या.

"रागावू नका, आपा. पण आता चिटपाखरूही आत यायचं नाही!"

भर दुपारी फाटकाची कडी तुटली. हातात सुरा घेतलेला माणूस आत शिरला. मुअत्तर किंचाळत सवयीनं त्या दाराकडेच धावली आणि ताज्या गिलाव्यावर मुठी आपटू लागली.



त्याच जागी, पलीकडून, तिची किंकाळी ऐकून धावत आलेल्या सनोबरआपाही भिंत बडवत होत्या.