अर्धा स्टोल

प्रागच्या संग्रहालयात अचानक भोंगा वाजू लागला. "घाबरू नका, सराव आहे," म्हणत पहारेकऱ्याने सगळ्यांना बाहेर काढायला सुरुवात केली. मम्मीने मात्र माझ्या गळ्यातला नवा रेशमी स्टोल खेचला, दातांनी टरकन फाडला, बाटलीतलं पाणी ओतून भिजवला आणि अर्धा माझ्या नाकातोंडावर करकचून बांधला, अर्धा स्वतःच्या. लोक हसत मोबाइलवर शूटिंग करू लागले. "मम्मी, सब देख रहे हैं!" मी ओरडले. बाहेर पायरीवर बसल्यावर मी तिला विचारलं, "नुसतं ड्रिल होतं ना ते? आणि माझा स्टोल फाडलास कशाला?" "भोपाळला गॅस सुटला तेव्हा आजीच्या हातात ओला पंचा एकच होता," ती म्हणाली, "आणि आम्ही भावंडं दोघं." भोपाळमधल्या करोंदच्या आजोळी हार घातलेल्या फोटोतला हाफपँटमधला मामा मला आठवला. "पंचा फाडायचं तिला सुचलंच नाही."