आमचं ऑपरेशन

रतन भालेराव पूर्ण समाधानी आहेत, असं शेवटी जाहीर झालं. पण हे आपण ऐकलंच नाही असं तूर्त धरून चालू. कारण शनिवारी दुपारी कोथरूडच्या एका सोसायटीत, लिफ्ट बंद म्हणून जिने चढून धापा टाकत उभ्या असलेल्या पूर्वाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पूर्वा रुग्णालयातर्फे रुग्णांचं समाधान मोजायला आली होती. स्तनाच्या कॅन्सरनंतर छाती पुन्हा घडवून देणारा डॉक्टर नम्रतांचा विभाग बंद करून तिथे केस उगवण्याचं केंद्र काढायचं, असं व्यवस्थापनाच्या मनात होतं. एक तरी रुग्ण 'पूर्ण समाधानी' दाखवा, मग बघू, असं त्यांनी सांगितलं होतं. व्यवस्थापन परगावचं. पुण्यात ही मागणी किती अमानुष आहे, याची त्यांना कल्पना नव्हती.

पूर्वा गावभर फिरली. मंडईजवळच्या बेगमआपांनी तिला शिरखुर्मा खाऊ घातला, डॉक्टरांना दुवा दिली, डोळे पुसले, आणि समाधानाचं विचारल्यावर म्हणाल्या, "बरं आहे." टॅबमध्ये 'बरं आहे' म्हणजे पाचापैकी दोन. स्वारगेटच्या एक बाई तर आनंदाच्या भरात "वाईट नाही" म्हणाल्या. तो एक धरला गेला.

आता शेवटचं नाव उरलं होतं. फाइल गोपनीय, त्यामुळे पूर्वाकडे फक्त नाव, पत्ता आणि नंबर. फोनवर "रतन भालेराव?" विचारल्यावर ज्या बाईंनी "हो, बोला" म्हटलं होतं, त्यांनीच आता दार उघडलं.

बाईंनी पाणी दिलं. खिडकीशी एक काका शब्दकोडं सोडवत बसले होते. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सारखीच शांती. पूर्वाला त्या शांतीची धास्ती वाटली.

"ताई, ऑपरेशनचा अनुभव कसा होता?"

"आमचं ऑपरेशन छान झालं," ताई म्हणाल्या. "पोटाची चरबी काढून छातीत भरली. त्या निमित्ताने पोट कमी होईल असं आम्हाला वाटलं होतं. ते काही झालं नाही."

स्वतःला 'आम्ही' म्हणवणारी माणसं पुण्यात अजून शिल्लक आहेत, हे बघून पूर्वाला बरं वाटलं.

"कपडे घातल्यावर कसं वाटतं?"

"कपडे घातल्यावर सगळेच बरे दिसतात," काका कोड्यातून मान वर न काढता म्हणाले.

पूर्वाने दुर्लक्ष केलं. पण पुढच्या प्रश्नालाही काकांनी मत दिलं, त्याच्या पुढच्यालाही. दुखणं बायकोचं आणि अधिकारवाणी नवऱ्याची, हा प्रकार तिने गावभर पाहिला होता. शेवटी ती म्हणाली, "काका, हे प्रश्न पेशंटसाठी आहेत."

"म्हणूनच उत्तरं देत होतो," काका म्हणाले.

"अहो, त्यांना त्यांचं काम करू द्या," ताई म्हणाल्या, आणि काका गप्प झाले.

मग ताई आपणहून बोलू लागल्या. आधी आरशात बघवत नव्हतं. न्हाणीघरातल्या आरशावर कायम टॉवेल टाकलेला असायचा. कोणी आलं की आधी दार लोटायचं, मग कपडे बदलायचे. आयुष्यभराची पोहण्याची आवड, पण टँकवर सगळ्यांसमोर उतरायचं म्हणजे... मग ऑपरेशन झालं. एका सकाळी आरशावर टॉवेल नव्हता.

"मग?"

"मग काय. आम्ही काही बोललो नाही. धुवायला टाकला."

पूर्वाने टॅब पुढे केला. "मग ताई, 'पूर्ण समाधानी' लिहू ना?"

ताईंनी एकदा खिडकीकडे पाहिलं. "बरं आहे, असं लिहा."

पूर्वाने हात जोडले. विभाग बंद पडणार आहे, हे सांगितलं. 'बरं आहे'चे दोनच मिळतात, हेही सांगितलं. ताईंना वाईट वाटलं, पण तत्त्व ते तत्त्व. आपल्या मनाने आपलं समाधान ठरवायचं आणि उद्या टँकवर लोकांनी टक लावून बघितलं, तर? परक्या माणसानं बघून सांगायला हवं.

"तुम्हीच बघता का?" ताईंनी विचारलं. "तुम्ही परक्याच आहात."

पूर्वा गंभीर झाली. एवढा विश्वास तिच्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. ती उठली, पुढचं दार लावलं, पडदा ओढला आणि अदबीने म्हणाली, "काका, तुम्ही जरा आत जाता का?"

"मी आत गेलो तर तुम्ही बघणार काय?" असं म्हणत काकांनी शर्टाची बटणं काढली.

पूर्वा बघत राहिली. पिकलेले केस, खाली ते न कमी झालेलं पोट. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं.

"ऑपरेशन... कुठल्या बाजूचं?" तिने विचारलं.

मग "नंदा, चष्मा दे," असं बायकोला सांगून रतन भालेरावांनी टॅब स्वतःच ओढून घेतला, 'पूर्ण समाधानी'वर बोट ठेवलं आणि सूचनांच्या चौकटीत सावकाश टाइप केलं: "महिला दिनाच्या पैठणी सोडतीत माझे नाव असल्याचा आपला संदेश मिळाला. मी पुरुष असल्याची बाब आज आपल्या प्रतिनिधींच्या निदर्शनास आली असली, तरी केवळ त्या कारणास्तव माझे नाव सदर सोडतीतून वगळण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."