चार राण्या

पत्ते पिसून धाकट्यानं कॅट पुढे धरला. "दादा, काप."

मास्तरांनी नेहमीसारखी त्यावर दोन बोटं टेकवली. "वाट."

"बघा," काज-बटणवाल्या मावशी म्हणाल्या, "दिवसभर कापडं कापतात, पण भावाचे पत्ते काही यांच्यानं कापवत नाहीत."

"घरच्या पत्त्यांना काय कापायचं?" मास्तर म्हणाले.

शनिवारची अर्धी पाळी संपली होती. शिलाई मशीनवर झाकणं पडली होती आणि कापड कापायच्या लांब टेबलावर पोकरचा डाव मांडला होता. खेळणारे चौघंच. कटिंग करणारे मास्तर, ओव्हरलॉक मशीनवरचा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, मावशी आणि इस्त्रीवाले काका. पत्ते वाटायचं काम कायम धाकट्याचं. पैशांऐवजी खराब निघालेली बटणं. शर्टाचं बटण म्हणजे एक चहा, कोटाचं म्हणजे पाच. एवढ्यावर कोणाचं घर बुडत नाही.

तरी तीन शनिवार मास्तरांचं मन थाऱ्यावर नव्हतं. चांगली पानं आली की ते हळूच दोन बटणं सरकवत, समोरच्याला मोह पडावा म्हणून. हातात काहीच नसलं की ढीग पुढे लोटत, समोरच्यानं घाबरावं म्हणून. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. अलीकडे मात्र त्यांनी दोन बटणं सरकवली की सगळे पत्ते टाकून मोकळे, आणि ढीग लोटला की मावशी आणि काका हसत हसत तेवढीच बटणं लावून मागे येत. ही युक्ती त्यांनी जन्मात एकाच माणसाला सांगितली होती. सारखा हरून धाकटा रडकुंडीला आला होता, तेव्हा घरी जाताना त्याच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले होते, "कापड कमी पडलं की कात्री जोरात वाजवायची. कळलं?"

बाकीच्यांनी आपापल्या डोक्यानं ताडलं असेल, असं त्यांनी स्वतःला बजावून पाहिलं. पण ते काही मनाला पटेना.

आणि आज हातात दोन राण्या आल्या. मधे सगळ्यांसाठी उघडलेल्या पाच पानांत आणखी दोन निघाल्या. चारही राण्या! असा हात त्यांना आजवर कधी लागला नव्हता. मावशींनी काही लावलं नाही, काकांनीही नाही. मास्तरांनी एक श्वास घेतला आणि दोन्ही तळहातांनी होती नव्हती तेवढी बटणं पुढे लोटली.

साधी परीक्षा होती. एवढ्या ढिगापुढे शहाणा माणूस पत्ते टाकतो. कोणी मागे आलंच, तर त्याचा अर्थ एकच. मास्तरांचा ढीग म्हणजे रिकामा हात, हे त्याला कोणीतरी सांगितलंय. हातात चार राण्या असलेला माणूस एरवी देव पाण्यात घालून बसेल, कोणीतरी यावं म्हणून. मास्तर मनातल्या मनात विनवत होते, येऊ नका रे, कोणी येऊ नका.

पहिली पाळी धाकट्याची. त्यानं ढिगाकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि पत्ते पालथे टाकले. "मी नाही."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. युक्ती ठाऊक असूनही पोरगा भावावर चालून आला नव्हता. आपण याच्यावर नको नको ते संशय घेतले, याची त्यांना लाज वाटली.

"मी आले," मावशी म्हणाल्या. त्यांनी पत्ते पुन्हा उचलून पाहिलेसुद्धा नाहीत.

"मीपण," काका म्हणाले. "सगळी."

मास्तरांनी राण्या उघड्या केल्या. मावशींच्या हातात सत्त्यांची जोडी होती. काकांच्या हातात तर जोडीसुद्धा नव्हती.

"अगं बाई!" मावशींनी कपाळावर हात मारला आणि हसत सुटल्या. "अहो मास्तर, कापड कमी पडलं की कात्री जोरात वाजवायची, असं ना तुमचं? मग हे काय?"

"बुडवलंस की रे आम्हाला," काका धाकट्याला म्हणाले.

सगळ्यांचं हसणं ओसरेपर्यंत मास्तर थांबले. ढिगाला त्यांनी हात लावला नाही.

"कधी सांगितलंस?"

"अरे, गंमत म्हणून, दादा. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला." धाकटा नखानं टेबलावरची खडूची रेघ खरवडत होता. "मी स्वतः कधी आलो का तुझ्यावर? आणि बटणांचाच तर खेळ आहे."

"हो," मास्तर म्हणाले. "बटणांचाच."

आजवर कुठलं हरणं त्यांना इतकं लागलं नव्हतं, जितकं हे जिंकणं लागलं. इतके शनिवार ते ढीग लोटत होते, टेबल मनातल्या मनात हसत होतं, आणि हा शेजारी बसून पत्ते वाटत होता.

मावशींनीच सगळी बटणं गोळा करून मास्तरांपुढे सरकवली. काका उगाच चष्मा पुसू लागले.

धाकट्यानं पत्ते उचलले, पिसले, जरा जास्तच वेळ पिसले. मग सवयीनं कॅट दादापुढे धरला. या वेळी 'काप' म्हणाला नाही.

मास्तरांनी कॅट कापला. क्षणभर थांबून पुन्हा एकदा कापला.

"वाट," ते म्हणाले.